व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे नेमके दिसतात, फोटोत फोकस मागे जातो. काय तपासावं?

मुग्धा_दांडियाबाजार | ३ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गौरी-गणपती पार पडले, निवांत फोटो बघायला बसले आणि मन खट्टू झालं.

माझा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे. त्यावर मी जुनी ५० एमएम एफ/१.८ लेन्स लावते, हाताने फोकस करायची. घरच्या कार्यक्रमांना मला तीच आवडते. दीड मीटरवरून बाप्पाच्या डोळ्यांवर फोकस लावला. व्ह्यूफाइंडरमध्ये बुबुळातलं पांढरं टिंबसुद्धा स्वच्छ दिसत होतं. फोटोत मात्र डोळे मऊ आणि मागच्या प्रभावळीची नक्षी लख्ख! एखाददुसरा फोटो असा आला असता तर हात हलला म्हणून सोडून दिलं असतं, पण सगळेच असे आहेत. आणि चूक कायम मागच्या बाजूला, पुढे कधीच नाही.

१८-५५ ऑटोफोकस लेन्स लावली की फोटो व्यवस्थित येतात. डायऑप्टरचं चाक (व्ह्यूफाइंडर आपल्या डोळ्याच्या नंबराशी जुळवायचं) फिरवून पाहिलं, काही फरक नाही. जूनमध्ये एका दुकानात कॅमेरा साफ करून घेतला होता, कारण व्ह्यूफाइंडरमध्ये काळे ठिपके दिसायचे. ते ठिपके गेले. त्याच्या आधी हीच लेन्स याच कॅमेऱ्यावर उत्तम चालत होती.

२२ तारखेला घट बसतात. आमच्या सोसायटीच्या गरब्याचे फोटो माझ्याकडेच असतात. लेन्स बिघडली की कॅमेरा, हे कसं ओळखायचं?

सेवउसळ | रात्री ९:५८

ताई, आधी डोळे तपासून घ्या. चाळिशी लागली की व्ह्यूफाइंडर पहिली चुगली करतो.

अलकापुरी_अजय | रात्री १०:०६

मेनूमध्ये एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढेमागे सरकवायची सोय, असेल. उणे बाजूला पाच-सहा पायऱ्या सरकवा. फोकस मागे जातोय म्हणजे पुढे आणायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

मुग्धा_दांडियाबाजार | रात्री १०:२०

@सेवउसळ, चष्मा मे महिन्यातच बदललाय आणि मी चष्मा घालूनच फोटो काढते.

@अजयदादा, पण ही लेन्स हाताने फिरवायची आहे. ऑटोफोकसचा तिच्याशी संबंध कुठे येतो? आणि ऑटोफोकस लेन्सचे फोटो तर बरोबर आहेत.

मकरपुरा_काका | रात्री ११:१५

मुग्धा, तुझा प्रश्न बरोबर आहे. अजयराव, फाइन ट्यूनला हात लावू नका, आज बरोबर असलेली गोष्टसुद्धा बिघडेल.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेल्या प्रकाशाला तीन मुक्काम असतात. आरसा खाली असताना बराचसा प्रकाश ४५ अंशात वर वळतो आणि फोकसिंग स्क्रीनवर पडतो. ही बारीक खरखरीत पृष्ठभागाची काच किंवा प्लॅस्टिकची चकती. आपण आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बघतो ते या चकतीवर उमटलेलं चित्र. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकसच्या सेन्सरकडे जातो. आणि बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, प्रकाश सरळ मुख्य सेन्सरवर.

लेन्सच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते त्या कड्यापासून, या तिन्ही ठिकाणांचं अंतर एकसारखं पाहिजे. एक जरी जागेवरून हललं तरी त्याचं बाकी दोघांशी जमत नाही. ऑटोफोकसचे फोटो चांगले येतात, म्हणजे तळाचा सेन्सर आणि मुख्य सेन्सर यांचं जमतंय. उरली वरची स्क्रीन. लेन्सला दोष द्यायचं मला तरी कारण दिसत नाही. लेन्स कशीही असो, जे चित्र स्क्रीनवर पडतं तेच सेन्सरवर पडायला हवं.

एक सांग. मॅन्युअल लेन्स लावल्यावर व्ह्यूफाइंडरच्या खालच्या पट्टीत फोकसचा हिरवा ठिपका लागतो का? लागत असेल तर तो कधी लागतो, तुला चित्र स्वच्छ दिसतं तेव्हा, की थोडं पुढेमागे?

मुग्धा_दांडियाबाजार | रात्री ११:३२

लागतो की! आता दिवाणखान्यात करून पाहिलं. मला स्वच्छ दिसतं तेव्हा ठिपका विझलेला असतो. रिंग अगदी किंचित फिरवली की लागतो, पण तेव्हा मला चित्र जरासं धुरकट दिसतं. इतके दिवस मला वाटायचं की तो ठिपकाच बेभरवशाचा आहे.

मकरपुरा_काका | रात्री ११:४०

ठिपका खरं बोलतोय. तो तळाच्या सेन्सरवरून लागतो. उद्या उजेडात मी सांगतो तशी चाचणी कर, मग बोलू.

टेबलावर कॅरमच्या सोंगट्या तिरप्या रांगेत उभ्या कर, दोन सोंगट्यांत साधारण तीन सेंटीमीटर अंतर. मधली राणी, म्हणजे गोंधळ नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, दीड मीटरवर, लेन्स एफ/१.८ ला पूर्ण उघडी. राणीवर एकदा व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याने फोकस लाव आणि फोटो काढ. मग हिरव्या ठिपक्यावर विसंबून काढ. तिसरा लाइव्ह व्ह्यू चालू करून, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दहा पट मोठं करून काढ. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र थेट मुख्य सेन्सरवरूनच येतं, त्यामुळे तिथे मतभेदाला जागाच नाही. प्रत्येक वेळी आधी रिंग पूर्ण फिरवून टाक, मग नव्याने फोकस लाव.

निनाद_इंदूर | ४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

इंदूरहून राम राम. काकांची पद्धत चोख आहे. डायऑप्टरबद्दल थोडं, कारण त्यावर बऱ्याच जणांची गल्लत होते. ते चाक फक्त आपल्या डोळ्यासाठी आहे. स्क्रीनकडे आपण कुठल्या नंबरच्या भिंगातून बघतो तेवढंच त्याने बदलतं, फोटोतला फोकस त्याने तसूभरही हलत नाही. ते लावताना समोरच्या दृश्याकडे बघूच नये. कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरावा, खालचे आकडे आणि मधले फोकसचे चौकोन धारदार दिसेपर्यंत चाक फिरवावं, बस.

आकडेही पुसट आणि दृश्यही पुसट असेल तर दोष डायऑप्टरचा, आयपीसच्या काचेचा किंवा आपल्या डोळ्याचा. आकडे धारदार आणि फोटोशी जमत नाही, तर मामला स्क्रीनचा किंवा आरशाचा. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांनी चष्मा घालूनच बघावं, तो नंबर डायऑप्टरने जात नाही.

रेवा_फतेहगंज | सकाळी ८:३०

धागा योग्य वेळी आला. माझी तक्रार निराळी आहे. भावाने त्याचा जुना डीएसएलआर मला दिला. व्ह्यूफाइंडरमध्ये बघितलं तर सगळं अंधारलेलं आणि धुकं पडल्यासारखं. प्रिझम (चित्र डोळ्याकडे वळवणारी आतली काच) गेलं असणार, असं एकाने सांगितलं आणि खर्चाचा मोठा आकडाही ऐकवला. प्रिझम असं आपोआप जातं का?

निनाद_इंदूर | सकाळी ८:४१

रेवाताई, कॅमेऱ्यात चार्ज केलेली बॅटरी आहे का?

रेवा_फतेहगंज | सकाळी ९:१२

नव्हती! चार्ज करून आता घातली आणि स्विच चालू न करताच व्ह्यूफाइंडर उजळला!! हे काय गौडबंगाल?

निनाद_इंदूर | सकाळी ९:२५

गौडबंगाल काही नाही, तो तसाच बनवलेला आहे. काही मॉडेलांत फोकसिंग स्क्रीनजवळ एलसीडीचा पारदर्शक पडदा असतो. जाळीच्या रेषा, फोकसचे चौकोन त्यावर उमटतात. त्याला पारदर्शक राहण्यासाठी थोडी वीज लागते. कॅमेरा बंद असला तरी बॅटरीतून अगदी नाममात्र वीज घेतो. बॅटरी काढली किंवा पार संपली की पडदा धुरकटतो. जुना कॅमेरा विकत घेताना लोक बॅटरीशिवाय बघतात आणि खराब समजून परत ठेवतात. दुरुस्तीला काही देऊ नका, कॅमेरा धडधाकट आहे.

सेवउसळ | सकाळी ९:३१

रेवाताईंचे पैसे वाचले. निनादभाई, बडोद्याला आलात की सेव उसळ माझ्याकडून, तर्री हवी तेवढी!

भित्तिचित्र | दुपारी १२:०५

व्ह्यूफाइंडर अंधारा दिसण्याचं आणखी एक साधं कारण सांगतो. मी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात भित्तिचित्रं बघायला वरचेवर जातो. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा. वरच्या खोल्यांत खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड. तिथे १८-५५ लेन्सने बघितलं तर भिंतीवरच्या बारीक रेषा दिसतच नाहीत, कारण ५५ एमएमला ती लेन्स जास्तीत जास्त एफ/५.६ एवढीच उघडते. एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी, त्यामुळे एफ/१.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. कॅमेरा तोच, डोळा तोच, आणि अचानक कृष्णाच्या मुकुटावरची मोरपिसं दिसायला लागतात.

शिवाय स्वस्त डीएसएलआरमध्ये घन काचेचं पेंटाप्रिझम नसतं, आरशांचा पोकळ पेंटामिरर असतो. तो हलका, पण दर परावर्तनाला थोडा उजेड खातो. चौकटही फोटोच्या ९५ टक्क्यांच्या आसपासच दिसते, म्हणून कडेचे नको असलेले खांब फोटोत आल्यावरच कळतात.

मुग्धाताईंना मॅन्युअल लेन्स का आवडते ते मला पुरेपूर समजतं. रिंग फिरवताना चित्र हळूहळू उमलतं ते बघणं हेच छायाचित्रणातलं निम्मं सुख आहे.

अलकापुरी_अजय | दुपारी १२:४०

सुख वगैरे ठीक, पण २०२५ मध्ये हाताने फोकस लावून गरब्याचे फोटो? मंडळी गोल फिरत असतात. मिररलेस घ्या. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सेन्सरवरूनच येतं, तिथे स्क्रीन-आरसा ही भानगडच नाही. फोकसमध्ये असलेल्या कडा रंगीत होऊन दिसतात, अंधारात चित्र उजळूनही मिळतं.

ढोलताशा_वारसिया | दुपारी १:१५

मिररलेसवाल्यांच्याही तक्रारी असतात, अजयभाई. गेल्या नवरात्रात आमच्या एका मित्राचा मागचा स्क्रीन काही केल्या लागेना, फोटो फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचे. सगळे म्हणाले, गेला. आयपीसच्या वर जो डोळा ओळखणारा सेन्सर असतो ना, त्यावर घामाचा आणि मेकअपचा थर बसला होता. कॅमेऱ्याला वाटायचं की कोणीतरी अजून डोळा लावून उभं आहे. कोरड्या मायक्रोफायबरने पुसला आणि चालू.

दुसरं उत्तरायणाचं. गच्चीवर कॅमेरा ठेवताना आयपीसचं तोंड सूर्याकडे कधीही नको. आयपीस म्हणजे भिंगच, त्यातून ऊन आतल्या छोट्या पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. आणि डीएसएलआरवाल्यांनी पतंगामागे टेलिलेन्स फिरवताना सूर्य चौकटीत येऊ देऊ नये, तिथे पडदा नाही, थेट आपला डोळा आहे. १४ जानेवारीला पोरं हौसेने कॅमेरे काढतात, त्यांना हे कोणी सांगत नाही.

मुग्धा_दांडियाबाजार | संध्याकाळी ६:५०

काका, चाचणी केली. निकाल:

डोळ्याने लावलेला फोकस राणीवर नाही, तिच्या मागच्या तिसऱ्या सोंगटीच्या अलीकडे आला. म्हणजे साधारण आठ सेंटीमीटर मागे. हिरव्या ठिपक्याचा राणीवर. लाइव्ह व्ह्यूचाही राणीवर, तिच्या कडेवरचा ओरखडासुद्धा दिसतो! प्रत्येक प्रकारात पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच येतं.

आता माझी खात्री पटली की स्क्रीनच जागेवर नाही. पण साफ करताना ती उलटी बसवली असेल का?

मकरपुरा_काका | रात्री ८:२५

शाब्बास, मुग्धा. अशी चाचणी हाताशी असली की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

उलटी बसवली असण्याचा तुझा तर्क हिशेबाने ताडून पाहू. ५० एमएम लेन्स, विषय १५०० मिलिमीटरवर. चित्र विषयाच्या साधारण एकोणतिसाव्या हिश्शाएवढं होतं. पुढे-मागे अंतराच्या दिशेने हाच हिस्सा वर्गाने लागतो, म्हणजे सुमारे ८४० वा. समोर ८ सेंटीमीटरची चूक असेल तर आत कॅमेऱ्यात चूक ८० भागिले ८४०, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आत. साध्या कागदाची जाडी!

आता स्क्रीन उलटी असती तर? खरखरीत बाजू आरशाकडे असायला हवी ती प्रिझमकडे गेली असती. चकतीची जाडी मिलिमीटरभर धर. तेवढ्या फरकाने दीड मीटरवर लावलेला फोकस थेट साडेतीन मीटरवर पडला असता. बाप्पा सोड, मागची भिंत स्वच्छ आली असती. तेव्हा स्क्रीन सुलटी आहे, पण कागदाच्या जाडीएवढी वर चढली आहे.

याचं सगळ्यात सरळ कारण शिम. स्क्रीन आणि वरच्या चौकटीच्या मध्ये चौकोनी कड्यासारख्या पातळ पत्र्या असतात. कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याचं अंतर मोजून त्या जाडीप्रमाणे निवडून घालतात. स्क्रीन काढली की शिम तिला चिकटून खाली येतं किंवा वरच अडकून राहतं. पातळ आणि चकचकीत असल्याने ते नजरेत भरत नाही. ते राहून गेलं की स्क्रीन वर सरकते, आरशापासून लांब जाते. स्क्रीन लांब गेली की फोटोतला फोकस मागे पडतो. तुझी चूक कायम मागेच का, त्याचं उत्तर इथे आहे. क्वचित आरसा खाली टेकतो तो खुंट वाकलेला असू शकतो, पण तळाच्या सेन्सरकडचा छोटा आरसा मोठ्या आरशावरच बसलेला असतो. मोठा हलला असता तर बहुधा ऑटोफोकसही चुकला असता.

मी आयुष्यभर मकरपुरा जीआयडीसीत गेज आणि मायक्रोमीटरची कामं केली. तिथे ०.१ मिलिमीटर म्हणजे ढळढळीत चूक मानायचे. कॅमेऱ्यातही तोच हिशेब आहे, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायचा नाही.

सुरसागर_किनारी | रात्री ८:५०

काका, पण स्क्रीन खालून एका क्लिपने तर धरलेली असते. चिमट्याने काढून बघता येईल ना? व्हिडिओत लोक करतात. जाताजाता आरसाही स्पिरिटने पुसून घ्यावा, धूळ असेलच.

मकरपुरा_काका | रात्री ९:०५

नको, अगदी नको! घरच्या आरशाची कलई काचेच्या मागे असते, या आरशाची पुढे. पुसलं की ओरखडे किंवा कलईच निघते. फोकसिंग स्क्रीन तर बोटाचा ठसाही सोसत नाही, तिच्यावरच्या बारीक खाचांत तेल बसलं की निघत नाही. रबरी फुंकणीने हवा मारायची, कॅमेरा तोंड खाली करून. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात. फुंकणीने जे जात नाही ते राहू द्यायचं.

स्क्रीनवरची धूळ आपल्याला काळी आणि ठसठशीत दिसते, कारण आपण नेमकं तिथेच बघत असतो. फोटोत ती येत नाही. मुग्धाचे जूनमधले ठिपके फोटोत येत होते का?

मुग्धा_दांडियाबाजार | रात्री ९:११

नाही, कधीच आले नाहीत. फक्त बघताना डोळ्यांना खुपायचे.

नर्मदातीरी | ५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

धूळ बरी म्हणायची वेळ येते, बुरशीपुढे. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. कॅमेरा माळ्यावर होता, भिजला नाही. पण भिंती पुढे कितीतरी दिवस ओल्या होत्या. दिवाळीत कॅमेरा काढला तर व्ह्यूफाइंडरच्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी पांढरी बुरशी. फोटो ठीक आले, कारण ती बुरशी बघण्याच्या वाटेवर होती, सेन्सरच्या नाही. दुरुस्तीवाल्याने आयपीस सुटं करून साफ केलं. लेन्समध्ये मात्र तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं.

आजी म्हणायची, डांबराच्या गोळ्या ठेव. कोणी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगतं. काय ठेवावं?

निनाद_इंदूर | सकाळी १०:५५

दोन्ही नको. डांबराच्या गोळ्यांची वाफ थंड काचेवर बसते आणि धुरकट थर धरते. तांदळाची पूड रिंगांत शिरते, आणि ओल शोषण्यात तांदूळ सिलिका जेलच्या पासंगालाही पुरत नाही.

झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. सतत ६५-७० च्या वर राहिला की बुरशीला आमंत्रण. फार कोरडंही नको, वंगण सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की, किंवा नारिंगी दाणे हिरवे पडले की, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका. आणि चामड्याच्या जुन्या केसमध्ये कॅमेरा मुळीच ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं.

सयाजीबाग | दुपारी ३:३०

जुन्या कॅमेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावचा कॅमेरा विसरू नका! आग्फा क्लिक थ्री बडोद्यातल्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो. कितीतरी मराठी घरांतल्या मुंजी आणि डोहाळजेवणं त्यानेच टिपली आहेत. त्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे लेन्सच्या वर काचा लावलेला बोगदा, फोकसशी त्याचा काडीचा संबंध नाही. लेन्स आणि डोळा वेगवेगळ्या जागी, म्हणून फार जवळून फोटो काढला की नवऱ्या मुलीचा मुंडावळीपासून वरचा भाग कापलेला यायचा. कोणाकडे असेल तर पुढची-मागची काच कापसाने कोरडी पुसा, निम्मा धुरकटपणा तिथेच जातो.

भित्तिचित्र | दुपारी ४:१०

वा, सयाजीबाग! बडोदे आणि कॅमेरा म्हटलं की मला ज्योती भट्ट आठवतात. फाइन आर्ट्स फॅकल्टीत चित्रकला शिकले, तिथेच शिकवलं, आणि गावोगाव फिरून रांगोळ्या, सारवलेल्या भिंतींवरची चित्रं, अंगावरचं गोंदण यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यातल्या कितीतरी भिंती आज पडल्या असतील. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत सारवणातल्या बोटांच्या रेघा मोजता येतात. फोकस बसणं म्हणजे काय ते तिथे बघावं.

अलकापुरी_अजय | संध्याकाळी ५:२५

मुग्धाताई, काकांनी पटवलं. फाइन ट्यूनचा सल्ला इथे लागू नव्हता. पण एक मत कायम आहे: गरब्याला तुम्ही हिरव्या ठिपक्यावर तरी विसंबा, डोळ्यांवर नको. निदान दुरुस्ती होईपर्यंत.

मुग्धा_दांडियाबाजार | ११ सप्टेंबर, रात्री १०:०५

मंडळी, काम झालं!

जूनमध्ये ज्या दुकानात दिला होता तिथेच गेले. भांडायचं नाही असं ठरवून, सोंगट्यांचे तिन्ही फोटो फोनवर दाखवले आणि काकांचा हिशेब वाचून दाखवला. दुकानातले भाई शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘थई जशे, बेन, बेसो.’ (होऊन जाईल, ताई, बसा.) टेबललॅम्पखाली माउंटमधून चिमट्याने क्लिप सोडवली, चौकट खाली झुलली, स्क्रीन कडेला धरून बाहेर काढली. वरच्या बाजूला एकही शिम नव्हतं. त्यांचा मुलगा तेव्हा नवीन होता, साफ करताना पत्री राहून गेली असणार, असं ते स्वतःच म्हणाले.

त्यांच्याकडे त्याच मॉडेलच्या मोडीतल्या बॉडीतून काढलेल्या पत्र्या एका डबीत होत्या, नखाने उचलाव्या इतक्या पातळ. एक घालून स्क्रीन बसवली आणि काउंटरवरच पेनांच्या टोपणांची तिरपी रांग मांडून फोटो काढला. फोकस अजून थोडा मागे होता. ती काढून दुसरी, जराशी जाड घातली. आता डोळा, ठिपका आणि लाइव्ह व्ह्यू तिघंही एकाच टोपणावर. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

काका, निनादभाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. अजयदादा, गरब्यात दोन्ही वापरीन, ठिपकाही आणि डोळाही.

मकरपुरा_काका | रात्री १०:३०

फार आनंद झाला. त्या भाईंचं कौतुक कर, पत्री बदलून पुन्हा तपासणारा माणूस मिळणं सोपं नाही. घरी एकदा लांबच्या अंतरावरही बघ. गच्चीवरून दूरच्या टॉवरवर डोळ्याने फोकस लाव आणि फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. तिथेही जमलं म्हणजे स्क्रीनच्या अंतराची काळजी मिटली. आणि ऑटोफोकस लेन्स लावूनही एक फोटो घे, आरशाला धक्का लागला नाही ना ते कळेल.

मुग्धा_दांडियाबाजार | १२ सप्टेंबर, सकाळी ९:४५

दोन्ही पाहिलं काका, नेमकं आहे. टॉवरच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येतात.

सुरसागर_किनारी | सकाळी १०:१५

माझा प्रश्न राहिला. गरब्यात मैदानावर इतकी धूळ उडते, लेन्स बदलताना ती स्क्रीनवर जाणारच. मग?

ढोलताशा_वारसिया | सकाळी १०:४०

मैदानावर लेन्स बदलूच नका. घरून निघताना ठरवून एकच लावा. बदलावीच लागली तर पाठ वाऱ्याकडे, कॅमेऱ्याचं तोंड खाली, आणि दुसऱ्या लेन्सची मागची टोपी आधीच सैल करून ठेवलेली. घरी आल्यावर फुंकणी.